बंद गॅरेजमधली बिअर

दाजींना मी त्यांच्या घरात नको होते आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. सिडनीत दुसऱ्यांदा कडक लॉकडाऊन लागला त्या हिवाळ्यात मी तीन मुलींबरोबर एका घरात खोली घेऊन राहत होते. मी वेस्टमीडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. दिवसभर लोकांच्या नाकातले स्वॅब तपासायचे आणि रात्री घरी येऊन झोपायचं, एवढंच आयुष्य होतं. त्या मुलींना वाटलं, ही एक दिवस कोविड घेऊन येणार. "नथिंग पर्सनल," असं म्हणून त्यांनी मला दुसरी जागा बघायला सांगितलं. मी दोन बॅगा घेऊन पेंडल हिलला ताईकडे गेले.

ताईचं टाउनहाउस होतं. खाली गॅरेज, हॉल आणि किचन, वर तीन खोल्या. मला गॅरेजच्या बरोबर वरची खोली मिळाली. बॅगा अजून हातातच होत्या आणि दाजींनी मास्क लावून ड्राइव्हवेवरच नियम सांगितले.

"पुढच्या दारानं यायचं नाही. गॅरेजमधून ये. शूज, जॅकेट, बॅग सगळं तिथंच काढायचं, हात धुवायचे आणि आतल्या दारानं सरळ वर जायचं. खोलीची खिडकी कायम उघडी पाहिजे."

"दाजी, रात्री कडाक्याची थंडी असते."

"मग दोन ब्लँकेटं घे. व्हेंटिलेशन इज एव्हरीथिंग. तू लॅबमध्ये आहेस, तुला हे मी सांगायचं?"

ताई त्यांच्या मागे उभी होती. तिनं मला डोळ्यांनीच सांगितलं, की आत्ता बोलू नकोस. मी बॅगा उचलून गॅरेजकडे वळले.

माझं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. दाजी जेवून उठले की मग मी खाली यायचं. सात वर्षांची भाची जिन्यातून वर ओरडायची, "मावशी, यू कान्ट कम डाउन यट, डॅड इज स्टिल ईटिंग!" मी पायरीवर बसून वाट बघायचे. ज्या बाईनं मास्क, हातमोजे, गाऊन घालून आठ-दहा तास काम केलंय, तिच्यापासून घराला धोका आहे, आणि बाजारात नाकाखाली मास्क लावून भाजी निवडणाऱ्या माणसापासून नाही, हा दाजींचा हिशेब मला तेव्हाही कळला नाही आणि आजही कळत नाही.

दाजी पॅरामॅटाच्या एका ऑफिसात आयटीत होते आणि तेव्हा घरूनच काम करत होते. पब बंद, मित्र बंद, शुक्रवारची पार्टी बंद. कंटाळून त्यांनी बिअर करायचं किट मागवलं. पहिली बिअर सोपी होती. डब्यातला दाट काळा पाक गरम पाण्यात कालवायचा, झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या पिंपात ओतायचा, वर यीस्ट टाकायचं आणि गप्प बसायचं. पिंपाच्या झाकणावर छोटी नळी असते, तिच्यातून आतला गॅस बुडबुडत बाहेर येतो. त्या आवाजावर दाजींचा फार जीव. मीटिंग संपली की ते खुर्ची घेऊन पिंपाजवळ बसायचे.

ते पिंप त्यांनी जिन्याखालच्या लहानशा लॉंड्रीत ठेवलं आणि ताईची जुनी रजई त्याला गुंडाळली. यीस्टला थंडी चालत नाही म्हणून लॉंड्रीची खिडकी बंद केली, दाराच्या फटीला टॉवेल लावला, मग हॉलच्या खिडक्याही बंद झाल्या. वर माझी खिडकी उघडी, खाली बिअरला ऊब. मी ताईला म्हटलं, "ते पिंप माझ्यापेक्षा जास्त लाडात आहे." ताई हसली नाही.

आमच्या घरी दारू म्हणजे काय, हे इथं सांगायला हवं. पुण्यात आम्ही ज्या वस्तीत वाढलो, तिथले गुत्ते बंद करायला जमलेल्या बायकांमध्ये माझी आई पुढे असायची. घरी बुद्धवंदना म्हणताना पाचव्या शीलाशी, म्हणजे मादक पदार्थांपासून दूर राहण्याच्या शपथेशी, आली की तिचा आवाज आपोआप चढायचा. दाजींचे वडील त्यांच्याकडच्या विहाराच्या कमिटीवर. त्यामुळे रविवारी सगळे मिळून ऑनलाइन वंदना व्हायची, तेव्हा लॉंड्रीचं दार घट्ट लावलेलं असायचं. मी काही धुतल्या तांदळाची नाही. लॅबमधल्या लोकांबरोबर एखादा ग्लास मीही घेतलाय. पण दाजींनी डोक्यात पक्कं केलं होतं, की मी आईची हेर आहे आणि बिअरच्या विरोधात काहीतरी शोधायलाच आलेय.

डब्यातल्या पाकाचा त्यांना लवकरच कंटाळा आला. ते आता धान्य भिजवून, गाळून, हॉप्स नावाची कडू फुलं घालून, सगळं मुळापासून करणार होते. त्यासाठी तासभर उकळावं लागतं, आणि एवढा मोठा टोप किचनच्या शेगडीवर उकळेना. म्हणून त्यांनी बार्बेक्यूच्या गॅसच्या बाटल्याला जोडायचा मोठा बर्नर आणला. तो उघड्यावर वापरायचा असतो, आणि पहिल्यांदा त्यांनी तो मागच्या अंगणात लावलाही. पण अंगण लहान, बर्नर कुंपणाला लागूनच. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियन बाईंनी कुंपणावरून डोकं वर काढलं.

"मेट, दॅट फ्लेम्स ऑफुली क्लोज टु माय फेन्स. अँड ऑल माय शीट्स स्मेल ऑफ पॉरिज!"

दाजींनी "सॉरी, नो वरीज," म्हटलं, आत आले आणि आमच्यावर भडकले. "आपल्याच लोकांच्या मागे लागतात ह्या बायका. गोऱ्यानं केलं असतं तर कौतुक केलं असतं." पुढच्या वेळी बर्नर गॅरेजमध्ये गेला. आतून वास बाहेर जाऊ नये आणि वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून रोलर डोअर, म्हणजे वर गुंडाळलं जाणारं शटर, खाली ओढलं गेलं. खाली वीतभर फट ठेवली, एवढंच.

त्या दिवशी मी रात्रपाळी करून आले होते आणि थंडी वाजते म्हणून खिडकी लावून वर झोपले होते. दुपारी जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं, हात-पाय गळून गेले होते. उठले तर मळमळून आलं आणि बेसिनवर ओकले. ताईनं आवाज ऐकला. दाजी जिन्यात खालीच थांबले आणि त्यांनी ऑक्सिमीटर, तेव्हा घरोघरी घेतलेलं ते बोटात अडकवायचं यंत्र, वर फेकलं. मी लावलं. अठ्ठ्याण्णव.

"ऑक्सिजन तर फर्स्ट क्लास आहे," दाजी म्हणाले. "तरी टेस्ट कर. आणि रिझल्ट येईपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही." त्यांनी माझ्या दाराखाली बाहेरून टॉवेल सारला. मी त्याच खोलीत, त्याच गॅरेजच्या वर, बंद होऊन पडून राहिले. टेस्ट निगेटिव्ह आली. दाजींनी ती मान्य केली, पण ताईला म्हणाले, "काम टाळायची नाटकं असतात एकेकाची."

पुढच्या वेळी बिअर उकळली त्या दिवशी पुन्हा तेच झालं. त्या दिवशी ताईचंही डोकं दुखत होतं. भाची सोफ्यावर पेंगत होती आणि टॅबलेटवर तिची टीचर तिला हाका मारत होती. मी कामावर गेले आणि स्टेशनपर्यंत चालता चालताच माझी डोकेदुखी उतरायला लागली. ट्रेनमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं. घरात त्रास होतो, बाहेर पडलं की थांबतो, आणि होतो तो बर्नर पेटतो त्याच दिवशी.

परत आल्यावर मी आधी टोप बघितला. बुडाला काजळीचा जाड थर होता. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी बर्नर पेटवला तेव्हा मी मुद्दाम खाली गेले. ज्योत निळी नव्हती, पिवळी होती. भिंतीवरून पाणी ओघळत होतं, डोळे चुरचुरत होते.

"दाजी, दार उघडा. पूर्ण उघडा. ह्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतोय."

"पिंपातून कार्बन डायॉक्साइड निघतो," ते मला शिकवायला लागले. "झाडं तोच पितात. बिअरमधले बुडबुडे तेच. कोणी मेलं का सोडा पिऊन?"

"मी पिंपाचं बोलत नाही. पिंपातला गॅससुद्धा एवढ्याशा बंद लॉंड्रीत कोंडू नये, पण ते राहू दे. मी ह्या बर्नरचं बोलतेय. बंद जागेत ज्योतीला हवा पुरत नाही, मग हा दुसरा गॅस तयार होतो. त्याला ना वास ना रंग. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो."

"मग तुझा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव कसा होता?"

ह्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मी थांबले, आणि दाजींना तेवढंच हवं होतं.

"बघ. तुला गॅसचा त्रास नाही, बिअरचा आहे. सरळ सांग ना, आईनं सांगून पाठवलंय म्हणून."

"मला तुमच्या बिअरशी काही देणंघेणं नाही. शंभर लिटर करा. बाहेर करा."

"हे माझं घर आहे. हवा आवडत नसेल तर दुसरं बघ."

मी ताईला सांगितलं. ती भाचीच्या वह्या आवरत होती. "तू जरा जुळवून घे ना," ती म्हणाली. "दिवसभर स्क्रीनसमोर असतो. ह्यातच त्याचं मन रमतं." मी म्हटलं, "ताई, पोरगी पेंगत होती." तिनं वह्या दप्तरात भरल्या.

मी हार्डवेअरच्या दुकानातून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला, दुकानाबाहेरून घेतला आणि माझ्या खोलीबाहेर जिन्याच्या भिंतीवर लावला. त्यानंतर दाजींनी बर्नर पेटवला तेव्हा मी कामावर होते. अलार्म वाजला. कानठळ्या बसतील असा वाजला, असं भाचीनं मला हात हलवून सांगितलं. दाजींच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू गेला. दाजी धावत वर आले, त्यांनी तो भिंतीवरून उपटला, बॅटरी काढली आणि माझ्या पलंगावर फेकून दिला. मी आले तेव्हा तो उशीवर पडलेला होता, मागे भिंतीचा रंग चिकटलेला.

"वाफेनं वाजतो तो," ते जिन्यातून म्हणाले. "टोस्ट जळला की स्मोक अलार्म वाजतो तसा. स्वस्तातला चायनीज माल. पुन्हा लावलास तर तुझ्यासकट बाहेर ठेवीन."

मी त्यांना नालायक म्हटलं. मोठ्यांदा, ताईसमोर. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. मला दुसरीकडे खोली मिळेना, कारण हॉस्पिटलचं नाव काढलं की लोक फोन ठेवायचे.

ऑगस्टमध्ये सिडनीत वारा सुटतो तसा त्या दिवशी सुटला होता. माझी सकाळची शिफ्ट होती. दुपारी घरी आले, रिमोट दाबला आणि रोलर डोअर वर जायला लागलं. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून ते पार जमिनीला टेकवलेलं होतं, वीतभर फटसुद्धा नव्हती. दार वर गेलं तशी आतून गरम, गोडसर वाफेची लाट अंगावर आली. टोप खदखदत होता. ताई वॉशिंग पावडरच्या खोक्याला टेकून जमिनीवर बसली होती, मान एका बाजूला कललेली. लांब दांड्याचा चमचा तिच्या पायाशी पडला होता.

मी दार पूर्ण वर जाऊ दिलं, श्वास रोखून आत गेले, बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तिच्या काखेत हात घालून तिला ओढत ड्राइव्हवेवर आणलं. ती काहीतरी पुटपुटत होती. मी तिला कुशीवर वळवलं आणि ती ओकली. मी ट्रिपल झीरो, म्हणजे इथला ॲम्ब्युलन्सचा नंबर, फिरवला. घाईत आपला पत्ता मी दोनदा चुकीचा सांगितला.

दाजी आतल्या दारातून बाहेर आले. गळ्यात हेडफोन होता. मॅनेजरनं अचानक मीटिंग लावली म्हणून ते ताईला टोपाजवळ उभं करून गेले होते. उतू जाऊ देऊ नकोस, ढवळत राहा. ताई ढवळत राहिली. जिनं बिअरचा थेंब कधी तोंडाला लावला नाही ती.

ते आमच्यापासून चार हात लांब थांबले आणि त्यांनी खिशातून मास्क काढला.

"पॉझिटिव्ह आहे का ती? तूच काहीतरी आणलंयस घरात."

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना आधी पोरीला बाहेर आणायला सांगितलं. भाची टॅबलेट छातीशी धरून आली, वर्ग अजून चालूच होता. "इज इट कोविड, मावशी?" तिनं विचारलं. शेजारच्या बाई कुंपणाच्या बाजूनं ब्लँकेट घेऊन आल्या. लॉकडाऊन, अंतर, काहीही न बघता त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी ताईचं डोकं मांडीवर घेतलं.

ॲम्ब्युलन्स आली. गाऊन, चष्मे, मास्क घातलेले दोघं उतरले. एकाच्या बॅगेला लावलेलं विषारी गॅस ओळखायचं छोटं यंत्र गॅरेजच्या तोंडाशीच वाजायला लागलं. त्यानं आम्हाला सगळ्यांना रस्त्यावर जायला सांगितलं.

"काय चालू होतं आत?"

"शी वॉज कुकिंग," दाजी म्हणाले.

"बिअर," मी म्हटलं. "बाहेरचा गॅस बर्नर. बंद गॅरेज. तासभर तरी."

दाजींनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मग फायर ब्रिगेडची गाडी आली आणि अख्खी गल्ली खिडक्यांत उभी राहिली. ताईला ऑक्सिजनचा मास्क लावून वेस्टमीडला नेलं. बरोबर कोणालाच जाता आलं नाही, तसे नियमच होते. मी रोज ज्या आवारात कामाला जायचे, तिथंच कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये तिचं रक्त तपासलं जाणार होतं, आणि मला ते बघायचा अधिकार नव्हता. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. रक्तात मोनॉक्साइड बराच होता, उतरतोय, ती बोलतेय, रात्रभर ठेवू. मी ऑक्सिमीटरचं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, बोटावरच्या त्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. रक्त ऑक्सिजननं भरलेलं असो की मोनॉक्साइडनं, आकडा चांगलाच दाखवतं.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. दाजी सोफ्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं. ते उठून वर गेले आणि जिन्यातून म्हणाले, "गल्लीसमोर तमाशा करायची गरज नव्हती. नुसतं दार उघडून ठेवलं असतंस तरी ती पाच मिनिटांत उठली असती."

ताई दुसऱ्या दिवशी आली, चेहरा उतरलेला. पुढे कित्येक दिवस तिचं डोकं जड असायचं, साखर कुठं ठेवली ते ती विसरायची. भारतात सगळ्यांना सांगितलं गेलं, की तिनं उपाशीपोटी काम केलं आणि चक्कर आली. दाजींच्या आईनं आमच्या आईला फोन करून ऐकवलं, की तुमची मुलगी तब्येतीची काळजी घेत नाही.

आईनं मला व्हिडिओ कॉल लावला. "खरं काय झालं?" तिनं विचारलं. ताई फोनच्या मागे उभी राहून मान हलवत होती, नको, नको.

"आई, दाजी बिअर उकळत होते," मी म्हटलं. "गॅरेज बंद होतं."

मला वाटलं, आता ती शीलाचं काढेल, वस्तीतल्या बायकांचं काढेल. पण आईनं एवढंच विचारलं, "दार कुणी बंद केलं होतं?"

"दाजींनी," मी सांगितलं. तिनं फोन ठेवला आणि सरळ दाजींच्या वडिलांना लावला.

त्यानंतर त्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणणंही कमी पडेल. दाजी मला घरभेदी म्हणाले. ताईसुद्धा माझ्यावर उलटली. "मी मेले नाही ना? मग माझ्या संसारात का तोंड घातलंस?" मी म्हटलं, "मेली नाहीस, कारण मी शिफ्ट संपवून वेळेवर आले." ती म्हणाली, "तेच ऐकवणार का आता जन्मभर?" निर्बंध सैल झाले तसं मला एक खोली मिळाली. दोन बॅगा घेऊन मी निघाले तेव्हा दाजी मीटिंगमध्ये होते.

डिसेंबरमध्ये भाचीचा वाढदिवस होता. तिनं स्वतः फोन केला, "मावशी, यू हॅव टु कम," म्हणून गेले. मागच्या अंगणात बार्बेक्यू, दाजींचे ऑफिसचे मित्र, बाटल्या बर्फात. त्यांची स्वतःची बिअर. बर्नर आता उघड्यावर, कुंपणापासून लांब, घराकडच्या मोकळ्या कोपऱ्यात होता. एकानं विचारलं, "भाई, सर्दी में गॅरेज में नहीं उबाल सकते?"

"नेव्हर, मेट," दाजी म्हणाले. "अंदर कभी नहीं. कार्बन मोनॉक्साइड. साला पता भी नहीं चलता. घर में अलार्म लगाओ, दरवाज़ा पूरा खुला रखो, लॉंड्री में फर्मेंटर है तो खिड़की खुली." ते अगदी मन लावून सांगत होते. माझंच वाक्य, शब्दांसकट. मित्र माना डोलावत होते.

"दाजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

त्यांनी चिमट्यानं कबाब उलटले. "वाचलं कुठंतरी."

केक कापून झाल्यावर मी लगेच निघाले. ताई पुढच्या दारापर्यंत आली. माझ्या हातात उरलेल्या केकचा डबा दिला आणि हळूच म्हणाली, "आता तरी सोड ना. तो सुधारला ना?"

"तो सुधारला, चांगलं झालं," मी म्हटलं. "मी सोडलेलं नाही."

ती दारात उभी राहिली. मी डबा पर्समध्ये टाकला आणि ट्रेनसाठी स्टेशनकडे चालायला लागले.